आधी पाणी, मग तेल : ठासणीच्या बंदुकीच्या घोड्याची निगा

मावळ तालुक्यात वडगाव-तळेगावच्या उत्तरेला नवलाख उंबरे नावाचे गाव आहे. आषाढात पावसाची झड लागलेली असताना तुम्ही या बाजूच्या एखाद्या शेतकऱ्याच्या पडवीत जा. बांधावरचे गवत कापून आणलेला कोयता कोणी न पुसता तसाच खुंटीला अडकवला असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पात्यावर तांबूस रंगाची बारीक पूड धरलेली दिसेल. हाच तो गंज. घरातली जाणती माणसे म्हणूनच कोयता आधी पुसून कोरडा करतात आणि मग त्यावर तेलाचा हात फिरवतात.

आता अशी कल्पना करा, की कोयत्याच्या जागी लोखंडाचे आठ-दहा लहान भाग असलेले एक यंत्र आहे. ते लाकडाच्या पोकळीत दडलेले आहे. तेथे फडके पोचत नाही. शिवाय प्रत्येक वेळी वापरताना त्यावर जळलेल्या दारूची काजळी बसते. असे यंत्र तुम्ही कशाने साफ कराल? कोणी म्हणेल तेलाने, कोणी म्हणेल रॉकेलने. परंतु जुन्या काळचे शिपाई त्यासाठी पहिल्यांदा वापरत ते पाणी! तेही चांगले कढत पाणी.

पाण्याने लोखंड गंजते हे आपण तिसरी-चौथीत शिकतो. मग गंज टाळण्यासाठी पाणीच कसे काय? या लेखात आपण या कोड्याचा उलगडा करणार आहोत. ते यंत्र म्हणजे ठासणीच्या बंदुकीचा घोडा आणि त्याच्या पोटातली कळ.

ठासणीची बंदूक म्हणजे काय?

आजच्या बंदुकीत काडतूस मागच्या बाजूने भरतात. ठासणीच्या बंदुकीत सर्व काही नळीच्या तोंडातून भरावे लागे. आधी दारू, मग गोळी किंवा छर्रे, आणि वरून लांब गजाने ठासायचे. म्हणून ती ठासणीची बंदूक. नळीच्या मागच्या टोकाजवळ एक बारीक छिद्र असते. त्याला ‘कान’ म्हणतात. तोफेलाही असाच कान असतो. बाहेरची आग या कानातून आत शिरते, दारू पेटते आणि बार होतो.

आग कानापर्यंत पोचवायची कशी, हा खरा प्रश्न होता. त्याला तीन काळांत तीन उत्तरे मिळाली.

पहिले उत्तर तोड्याच्या बंदुकीचे. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी, म्हणजेच तोडा किंवा जामगी, धुमसत ठेवायची. चाप ओढला की एका चिमट्यातून हा तोडा खाली येई आणि कानाशेजारच्या वाटीत ठेवलेल्या बारीक दारूला, म्हणजे रंजकाला, टेकत असे. यातली कळ अगदी साधी, तरफेसारखी होती.

दुसरे उत्तर चकमकीच्या बंदुकीचे. यात घोड्याच्या तोंडात गारेचा तुकडा धरलेला असतो. चाप ओढताच घोडा जोराने झेप घेतो आणि गार पोलादी पट्टीवर घासून ठिणग्या पाडते. गंमत अशी, की या ठिणग्या दगडाच्या नसतात. गारेच्या धारेने पोलादाचे सूक्ष्म कण खरवडले जातात, घर्षणाने लाल होतात आणि हवेत जळतात. त्या ठिणग्या म्हणजे जळते लोखंडच!

तिसरे उत्तर केपाच्या बंदुकीचे. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्साइथ या धर्मोपदेशकाने आघाताने पेटणारे रसायन वापरण्याच्या युक्तीचे पेटंट १८०७ साली घेतले. पुढे हे रसायन तांब्याच्या छोट्या टोपीत भरू लागले. घोडा त्या टोपीवर हातोडीसारखा आपटला, की ठिणगी थेट कानात जाई. १८५७ सालच्या उठावात जिच्या काडतुसांवरून असंतोष भडकला, ती एन्फिल्ड रायफल अशीच केपाची आणि ठासणीचीच होती. तिच्या नळीत आतून पिळाच्या खोबणी होत्या. अशा खोबणी असलेल्या बंदुकीला रायफल म्हणतात. खोबणींमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि तिची दिशा स्थिर राहते.

मावळच्या वाटेवर

या बंदुका आपल्याच भागातल्या रस्त्यांवरून गेल्या आहेत. रघुनाथरावांना पेशवाईवर बसवण्यासाठी इंग्रजांच्या मुंबई सरकारची सुमारे ३९०० सैनिकांची फौज बोरघाट चढून आली. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट मारला गेला. मराठे त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हणत. फौज ९ जानेवारीला तळेगावास पोचली, तेव्हा मराठ्यांनी गाव आधीच रिकामे करून जाळले होते. दोन दिवसांनी, ११ जानेवारीच्या रात्री, अवजड तोफा तळ्यात टाकून इंग्रज माघारी फिरले. महादजी शिंद्यांच्या फौजेने त्यांना वडगावला कोंडले आणि त्याच महिन्यात वडगावचा तह झाला. नवलाख उंबरे या वाटेपासून फार दूर नाही.

इंग्रजांच्या पायदळाच्या हाती चकमकीच्या बंदुका होत्या. मराठ्यांकडे तोड्याच्या बंदुका होत्या आणि चकमकीच्याही होत्या. लढाई थंडीत झाली, म्हणून पाऊस नव्हता. पावसाळ्यात तोडा विझे, रंजक ओले होई आणि चिखलात तोफा रुतत. दसऱ्याला सीमोल्लंघन करण्यामागे नद्यांचे पूर, चारा अशी अनेक कारणे होती. त्यांत दारू कोरडी राहणे हेही एक होते.

घोड्याच्या पोटात

चकमकीच्या आणि केपाच्या बंदुकीत बाहेरचा घोडा वेगळा दिसतो, पण आतली रचना जवळजवळ सारखीच असते. बाहेरून आपल्याला दोनच भाग दिसतात. बोटाने ओढायचा तो चाप आणि आपटणारा तो घोडा. बाकी सारे एका पोलादी पाटीच्या आतल्या अंगाला, दस्त्याच्या लाकडात कोरलेल्या पोकळीत बसवलेले असते.

घोडा ज्या आसावर फिरतो त्याच आसावर आत एक जाड चकती असते. एक दणकट कमान, म्हणजे स्प्रिंग, या चकतीला सतत एका दिशेने ढकलत असते. चकतीच्या कडेला दोन खाचा कोरलेल्या असतात. एका लहान तरफेचे टोक या खाचेत अडकते. त्या तरफेला आपण ‘अडसर’ म्हणू, कारण दाराच्या अडसराप्रमाणेच ती चकतीला अडवून धरते. अडसर खाचेत दाबून ठेवण्यासाठी एक छोटी कमान असते. चाप ओढला की तो अडसराची शेपटी वर ढकलतो, अडसराचे टोक खाचेतून निसटते आणि मोठी कमान घोड्याला झटक्यात पुढे फेकते.

उंदीर पकडायचा चापाचा सापळा तुम्ही पाहिला असेल. त्यात एक जोरदार कमान ताणून धरलेली असते आणि तिला केवळ एक बारीक तार अडवून ठेवते. बंदुकीची कळ म्हणजे तोच सापळा, फक्त अधिक काटेकोर.

दोन खाचा कशासाठी? पहिली खाच खोल असते. घोडा अर्धा मागे ओढला की अडसर या खोल खाचेत शिरतो. तेथून चाप कितीही ओढला तरी तो निसटत नाही. ही विश्रांतीची खाच. बंदूक भरताना व वाहून नेताना घोडा या खाचेत ठेवायचा असतो. दुसरी खाच उथळ असते. घोडा पूर्ण मागे ओढला की अडसर या खाचेच्या कडेवर टेकतो आणि चापाच्या हलक्या ओढीने सुटतो. ही बाराची खाच.

छोटी कड, मोठा भार

येथे थोडे गणित करू. समजा, घोड्याचे टोक आसापासून ५० मिलिमीटर अंतरावर आहे आणि ते मागे ओढून धरायला ५ किलोग्रॅम वजनाएवढे बळ लागते. बळ आणि अंतर यांचा गुणाकार ५० × ५ म्हणजे २५० झाला. आता चकतीवरची खाच आसापासून १० मिलिमीटरवर आहे असे धरा. तोच गुणाकार कायम ठेवायचा, तर खाचेवर २५० ÷ १० = २५ किलोग्रॅम वजनाएवढा भार येईल. तरफेचा नियम तुम्ही पाठ्यपुस्तकात शिकलाच आहात.

हा २५ किलोग्रॅमचा भार किती जागेवर पडतो? अडसराची कड ६ मिलिमीटर रुंद आहे आणि ती खाचेत अर्धा मिलिमीटरच टेकली आहे असे समजा. क्षेत्रफळ झाले अवघे ३ चौरस मिलिमीटर. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला ८०० किलोग्रॅमहून जास्त दाब! आपल्या अंगावरील हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम असतो. खाचेच्या त्या बारीक कडेवर त्याच्या आठशे पट दाब पडतो.

हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. बंदुकीबंदुकीत ते बदलतील. पण मुद्दा एकच. साऱ्या बंदुकीची सुरक्षितता नखाच्या जाडीएवढ्याही नसलेल्या एका कडेवर अवलंबून असते. ती कड गंजून खडबडीत झाली, तर चाप जड होतो. झिजून गोल झाली, तर धक्का लागताच घोडा आपोआप पडतो. खोल खाचेत कचरा साचला, तर अडसर पूर्ण आत शिरत नाही. मग घोडा विश्रांतीच्या खाचेत आहे असे वाटते, पण तो नुसता काठावर टेकलेला असतो. अशा बंदुकीने माणसे दगावू शकतात. म्हणून घोड्याची निगा हा चकाकीचा प्रश्न नाही.

धूर गेला, मागे काय उरले?

जुनी काळी दारू सोरा, कोळसा आणि गंधक यांची बनलेली असते. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. बार झाला की नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड यांसारखे वायू तयार होतात आणि गोळीला ढकलतात. पण सगळी दारू वायुरूप होत नाही. नोबल आणि एबल या दोन ब्रिटिश संशोधकांनी बंद भांड्यात दारू जाळून मोजमाप केले आणि १८७५ साली ते प्रसिद्ध केले. त्यांना असे आढळले, की जळलेल्या दारूच्या वजनापैकी सुमारे ५७ टक्के भाग घन पदार्थांच्या रूपात मागे राहतो. पांढऱ्या धुराचे दाट ढग म्हणजे याच पदार्थांचे बारीक कण. त्यांतले काही हवेत जातात. उरलेले नळीत, वाटीत, घोड्यावर आणि फटींतून आतल्या कळीवर बसतात.

हे घन पदार्थ कोणते? मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट, पोटॅशियम सल्फेट आणि पोटॅशियम सल्फाइड. पहिला पदार्थ तुमच्या ओळखीचा आहे. लाकडाच्या राखेत तोच असतो. तिसऱ्याला पाणी लागले की सडक्या अंड्यासारखा वास येतो. केपाची बंदूक असेल, तर जुन्या केपांतील रसायनामुळे पोटॅशियम क्लोराइडही मागे राहते. ते आपल्या मिठाचे जवळचे भावंड आहे.

आता पावसाळ्यातले घरातले मीठ आठवा. बरणीतले मीठ ओलसर होते, त्याचे गोळे बनतात. दारूच्या राखेतील क्षारही असेच हवेतले पाणी ओढून घेतात. लोखंड गंजायला पाण्याचा थेंब दिसावा लागतो असे नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली, की गंजण्याचा वेग एकदम वाढतो. लोणावळ्यास वर्षाला सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेकडे तळेगावच्या बाजूला तो झपाट्याने कमी होतो, तरीही पावसाळ्यातील हवा तेथेही दमटच असते. अशा हवेत क्षारांचा थर ओला होतो. क्षार विरघळलेल्या पाण्यातून विद्युतप्रवाह सहज वाहतो. गंजण्याच्या क्रियेत लोखंडाच्या एका जागेकडून दुसऱ्या जागेकडे असा सूक्ष्म प्रवाह वाहतच असतो. क्षारांनी त्याला मोकळी वाट मिळते आणि गंज भराभर वाढतो.

शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. दोन भागांमधली केसाएवढी फट त्याने भरून जाते आणि कळ अडकते.

कोड्याचे उत्तर

आता सांगा, हे क्षार काढायचे कशाने? कढईतल्या तेलात मीठ टाकून पाहा. ते विरघळत नाही, तळाशी तसेच पडून राहते. रॉकेलमध्येही तेच. पण पाण्यात मीठ पाहता पाहता दिसेनासे होते. दारूचे क्षारही तसेच पाण्यात विरघळतात.

कोणी पाण्याला भिऊन काजळीवरच तेल चोपडले, तर काय होईल? वरून भाग छान चकचकीत दिसेल. आत मात्र ओले क्षार तेलाच्या थराखाली तसेच राहतील आणि लोखंड खात बसतील. म्हणजे तेलाने गंज थांबणार नाही, फक्त झाकला जाईल.

म्हणून क्रम ठरला. आधी पाणी, मग संपूर्ण कोरडे करणे, आणि शेवटी तेल. पाणी कढत असण्याचे दोन फायदे आहेत. कढत पाण्यात क्षार लवकर विरघळतात. दुसरे म्हणजे लोखंड स्वतःच तापते आणि त्यावरचे पाणी आपोआप उडून जाते. पाणी लोखंडाचा शत्रू आहे हे खरे, पण तेथे रेंगाळणारे पाणी. आले, क्षार घेतले आणि निघून गेले, ते पाणी मित्रच.

तेल कोणते?

घरात असेल ते तेल लावले तर चालेल का? नाही. थंडीत सकाळी बाटलीतले खोबरेल गोठलेले तुम्ही पाहता. तापमान साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की खोबरेल घट्ट होऊ लागते. मावळातल्या पौषातल्या पहाटे कळीत खोबरेल असेल, तर अडसर सुस्त हलेल. जवसाच्या तेलाची गोष्ट निराळी. ते हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून वाळते आणि त्याचा चिवट पापुद्रा होतो. म्हणून ते रंगात घालतात. लाकडी दस्त्याला ते उत्तम, पण कळीला घातक. शिलाई यंत्राला घालतात ते पातळ खनिज तेल गोठत नाही आणि वाळतही नाही. कळीला असेच तेल लागते, आणि तेही थेंबभरच. जास्त तेल धूळ धरून ठेवते. शिवाय ते ओघळून रंजकाच्या वाटीत गेले, तर रंजक भिजते आणि बार फसतो.

निगा राखण्याची रीत

कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीतल्या काही गावांत शेतीच्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचे परवाने दिलेले आहेत. असा परवानाधारक किंवा बंदुकांचा जाणकार कारागीर कळीची सफाई कशी करतो, ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे बंदूक रिकामी आहे ना, याची खात्री. ठासणीच्या बंदुकीत मागून डोकावता येत नाही. तोंडातून डोकावणे तर महामूर्खपणा! मग युक्ती कोणती? गज नळीत शेवटपर्यंत सोडायचा आणि नळीच्या तोंडापाशी त्यावर खूण करायची. मग गज बाहेर काढून, ती खूण तोंडाशी ठेवून, नळीच्या बाहेरून धरायचा. गजाचे टोक कानापर्यंत पोचले, तर नळी रिकामी. ते बोट-दोन बोटे आधीच थांबले, तर आत काहीतरी भरलेले आहे! हे सर्व करताना नळीचे तोंड कोणाकडेही नसते आणि कारागीराचे तोंडही त्याच्या समोर येत नाही.

नंतर घोडा विश्रांतीच्या खाचेत ठेवून, पाटीचे स्क्रू सोडवून, सबंध कळ लाकडातून अलगद बाहेर काढतात. लाकडाला पाणी लागू द्यायचे नाही, कारण ते फुगते आणि मग पोकळीत कळ नीट बसत नाही.

मोठी कमान काढायचीच असेल, तर ती आधी शिकंजात दाबून धरतात. ताणलेली कमान नुसत्या हाताने सोडवणे म्हणजे डोळा गमावण्याची तयारी. बहुतेक वेळा ती काढावी लागतही नाही.

आता कढत पाणी आणि थोडा साबण. जुन्या दात घासायच्या ब्रशने खाचा, आस, अडसराचे टोक, स्क्रूंच्या कडा घासतात. खोल खाचेतला कचरा लाकडी काडीने काढतात. लोखंडी टोकाने खरवडत नाहीत. मग स्वच्छ कढत पाण्याने पुन्हा धुऊन, फडक्याने टिपून, भाग पूर्ण कोरडे होऊ देतात.

शेवटी आसावर, अडसराच्या टोकावर आणि कमान जेथे घासते तेथे तेलाचा एकेक थेंब. बाकीच्या भागांवर तेलाचे फडके फिरवून जादाचे तेल पुसून टाकतात. कळ परत बसवल्यावर घोड्याला अंगठ्याने आधार देत दोन्ही खाचा तपासतात. विश्रांतीच्या खाचेतून चाप ओढूनही घोडा सुटता कामा नये. सुटला, तर ती बंदूक वापरायची नाही. ती कारागीराकडे द्यायची.

उत्साहाचे धोके

कळीचे जास्तीत जास्त नुकसान आळशी माणूस करतो असे तुम्हांला वाटेल. पण उत्साही माणूसही कमी करत नाही.

पहिला धोका कानशीचा. चाप हलका व्हावा म्हणून कोणी खाचेची कड घासतो. जुन्या कळींचे भाग बहुधा मऊ लोखंडाचे असत. ते कोळशाच्या पुडीत पुरून तापवत. कार्बन पृष्ठभागात शिरून वरचा पातळ थर तेवढा पोलादासारखा कठीण होई. कानस या थरातून आरपार गेली, की खाली मऊ लोखंड उघडे पडते आणि आठशे पट दाबाखाली कड लवकरच गोल होते.

दुसरा धोका आगीचा. चिकटलेली घाण जाळून टाकू म्हणून कोणी कमान निखाऱ्यात धरतो. कमानीच्या पोलादाला आधी तापवून विझवतात आणि मग साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत पुन्हा तापवून पाणी देतात. त्या वेळी त्यावर निळा रंग चढतो. लाल निखारा ७०० अंशांच्या आसपास असतो. त्यात कमानीचे पाणी उतरते. ती वाकते, पण परत उसळत नाही.

तिसरा धोका नुसता चाप ओढून घोडा आपटत राहण्याचा. गारेशिवाय किंवा केपाशिवाय आपटल्याने घोडा, चकती आणि जेथे केप बसवतात ते टोक, सारेच झिजते व तडकते.

संग्रहालयातली बंदूक

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुनी शस्त्रे पाहायला मिळतात. त्यांनाही कढत पाण्याने धुवायचे का? मुळीच नाही! वापरातल्या बंदुकीची आणि ऐतिहासिक वस्तूची निगा वेगळी असते.

ऐतिहासिक बंदुकीवरचा काळसर, घट्ट थर हा तिच्या वयाचा पुरावा असतो आणि तो खालच्या लोखंडाचे काही अंशी रक्षणही करतो. त्यावर कोरलेली अक्षरे, सोन्या-चांदीची नक्षी घासण्याने कायमची जाते. म्हणून संग्रहालयात भर असतो तो हवा कोरडी आणि एकसारखी ठेवण्यावर. वस्तू हाताळताना हातमोजे घालतात, कारण आपल्या घामातही मीठ असते. उघड्या हाताने धरलेल्या लोखंडावर पुढे बोटांचे ठसे गंजून उमटतात. कारण पुन्हा तेच, क्षार आणि दमट हवा.

माळ्यावर बंदूक सापडली तर?

जुन्या वाड्याच्या माळ्यावर किंवा आजोळच्या घरी एखादी ठासणीची बंदूक तुम्हांला दिसली, तर हा लेख आठवून तिची सफाई करायला मात्र घेऊ नका. ती भरलेलीच आहे असे समजा. काळी दारू कोरडी राहिली, तर कित्येक वर्षांनीही पेटू शकते. आणि जिच्या खाचा गंजल्या आहेत, ती कळ केव्हा निसटेल याचा नेम नसतो. हात न लावता घरातल्या मोठ्यांना सांगा. आपल्या देशात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदूक बाळगायला परवाना लागतो. तेव्हा मोठ्यांनी जवळच्या पोलीस ठाण्यात कळवणे हेच योग्य. वस्तू ऐतिहासिक मोलाची वाटली, तर संग्रहालयाचा सल्लाही घेता येतो.

करून पाहा

बंदुकीशिवायही या लेखातले विज्ञान तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत तपासू शकता.

पहिला प्रयोग : चुलीतली लाकडाची राख पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. वरचे निवळ पाणी गाळून शिक्षकांच्या देखरेखीखाली आटवा. हे पाणी अल्कधर्मी असते. ते डोळ्यांत जाऊ देऊ नका व हाताला लागल्यास धुऊन टाका. बशीत उरलेले पांढुरके क्षार पावसाळ्याच्या दिवशी उघड्यावर ठेवा. ते कोरडे राहतात की ओले होतात?

दुसरा प्रयोग : तीन साध्या लोखंडी चुका पॉलिश कागदाने घासून मिठाच्या पाण्यात बुडवा. पहिली तशीच ठेवा. दुसरीवर ओलेपणीच शिलाई यंत्राचे तेल लावा. तिसरी कढत पाण्याने धुऊन, कोरडी करून मग तेल लावा. तिन्ही चुका वेगवेगळ्या बाटल्यांत, ओल्या कापडाच्या बोळ्याबरोबर पण त्याला न टेकता ठेवा आणि झाकणे लावा. आठ दिवस रोज पाहून नोंद करा. दुसऱ्या आणि तिसऱ्या चुकीत काय फरक पडला?

तिसरा प्रयोग : थंडीतल्या सकाळी काचेच्या तिरप्या पट्टीवर खोबरेलाचा आणि शिलाई यंत्राच्या तेलाचा एकेक थेंब शेजारी शेजारी ठेवा. कोणता आधी खाली पोचतो, ते घड्याळ लावून मोजा. दुपारी हाच प्रयोग पुन्हा करा.

नवलाख उंबऱ्याच्या परिसरात आज कारखाने उभे आहेत. त्यांतल्या यंत्रांतही कमानी आहेत, तरफा आहेत, खाचेत अडकणारे अडसर आहेत. तेथील कामगारांनाही पावसाळ्यात हाच प्रश्न सोडवावा लागतो. तुमच्या सायकलच्या साखळीवर चिखल बसला असेल, तर उद्या तेलाची बाटली उचलण्याआधी क्षणभर थांबा. आधी काय काढायचे आहे आणि ते कशात विरघळते, एवढे स्वतःला विचारा. मग तेलाचा थेंब घाला.